उघडी पेटी आणि कुलूपबंद पेटी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर एक पालक मला शाळेंत भेटावयास आले. त्यांचा मुलगा नववीच्या वर्गांत आहे. वडील शिलाईचें दुकान चालवितात. मुलगा ढोलकी बरी वाजवितो, हार्मोनियमवर त्याचा हात बसलेला आहे, आणि अलीकडे मोबाईलवर चाली बांधण्याचा त्याला नाद लागला आहे. वडील म्हणाले, "सर, पोरगं म्हणतंय लॅपटॉप घ्या अन् त्यात गाण्याचं सॉफ्टवेअर टाका. लॅपटॉप कसाबसा होईल. पण सॉफ्टवेअरचेच आणखी हजारो रुपये लागतात म्हणे. त्याचा एक दोस्त म्हणतो, पैसे कशाला घालता, मी फुकट टाकून देतो. तुम्ही सांगा, काय करावं?"

मीं त्या दिवशीं जें उत्तर दिलें तें अपुरें होतें. घरीं गेल्यावर विचार करतां लक्षांत आलें, कीं हा प्रश्न एका घराचा नाहीं. आज ज्या घरांत गाणारें मूल आहे, त्या प्रत्येक घरांत तो आज ना उद्यां उभा राहणार आहे. म्हणून तें उत्तर येथें पुरें करीत आहें. दोस्ताचें 'फुकट' आणि मी पुढें ज्याला 'उघडें' म्हणणार आहें तें, या दोन गोष्टी अगदीं भिन्न आहेत, एवढें आरंभींच सांगून ठेवतों.

संगीताच्या तासाला जी हार्मोनियम असते, तिला आपण पेटी म्हणतों. विद्यार्थ्यांनो, तिची वरची फळी उचलून तुमच्यापैकीं कितीकांनीं आंत पाहिलें आहे? आंत पितळी सूर एका रांगेनें बसविलेले दिसतात. पट्टी दाबली म्हणजे कोणती झडप उघडते व वारा कोठून जातो, हें डोळ्यांनीं पाहतां येतें. भाता फाटला तर गांवांतला कसबी कारागीर तो शिवून देतो. त्यासाठीं पेटी बनविणाऱ्याची परवानगी मागावी लागत नाहीं. पॅरिसच्या अलेक्झांद्र देबेन यानें 1840 च्या दशकांत हार्मोनियमचें पेटंट घेतलें, तेव्हां तें वाद्य खुर्चीवर बसून पायानें भाता हलवीत वाजविण्याचें होतें. आपल्याकडे गाणारे मांडी घालून बसतात. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्या वाद्याला हातभात्याचें रूप दिलें, आणि तीच पेटी पुढें नाटकगृहांत, भजनांत, उपासनेंत आणि तमाशाच्या फडांतही शिरली. वाद्य उघडून पाहतां येतें आणि पेटंटाची मुदत केव्हां तरी संपते, म्हणून हें घडूं शकलें.

संगणकावर संगीत करण्याचीं साधनें याही एक प्रकारच्या पेट्याच होत. त्यांत आवाज मुद्रित करतां येतो, अनेक आवाज एकमेकांवर बसवितां येतात, ताल बांधतां येतो, वाद्यांचे ध्वनि उमटवितां येतात. परंतु यांच्या आंत पितळ आणि कातडें नसतें. माणसांनीं लिहिलेल्या आज्ञांच्या हजारों ओळी असतात. त्या मूळ लेखनाला सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या तें लेखन कुलपांत ठेवतात व आपणांस केवळ वापरण्याचा परवाना देतात. प्रो टूल्स, क्यूबेस, लॉजिक, एफएल स्टुडिओ हे प्रोग्रॅम या जातीचे आहेत. दुसऱ्या जातीचे प्रोग्रॅम आपलें मूळ लेखन सर्वांपुढें मांडून ठेवतात. ऑडॅसिटी, आर्डर, एलएमएमएस, हायड्रोजन, म्यूझस्कोर हीं त्यांतील ठळक नांवें.

अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं 1983 सालीं या दुसऱ्या मार्गाची घोषणा केली. हवा त्या कामासाठीं प्रोग्रॅम चालवावा, आंत कसें चालतें तें अभ्यासावें, प्रत दुसऱ्याला द्यावी आणि सुधारून सुधारलेली प्रतही द्यावी, असे चार अधिकार त्यांनीं वापरणाऱ्याचे मानले. 'ओपन सोर्स' हें नांव मागाहून, 1998 सालीं, रूढ झालें. यांत पैसे घेण्याला बंदी नाहीं, हें पालकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. आर्डरचेंच पाहा. पॉल डेव्हिस यांनीं सुरू केलेल्या या प्रोग्रॅमचें मूळ लेखन कोणालाही मोफत मिळतें. पण चालविण्यास तयार अशी प्रत त्यांच्याकडून हवी असेल तर ते मूल्य मागतात. पीठ दळून देण्याची मजुरी घ्यावी, धान्याला मात्र कुलूप लावूं नये, असा तो व्यवहार आहे.

आतां कोणी म्हणेल, आमच्या मुलाला गाणें करावयाचें आहे, तो सोर्स कोड कशाला वाचील? बहुतेक मुलें वाचणार नाहींत हें खरें. पण कुलूप कोणाच्या हातीं आहे याचा परिणाम न वाचणाऱ्यालाही भोगावा लागतो. तो कसा, हें समजण्यासाठीं संगणक थोडा वेळ बाजूस ठेवून आपल्याच संगीताच्या इतिहासांत शंभर-सव्वाशें वर्षें मागें जाऊं.

त्या काळीं घराण्याच्या चिजा ही घराण्याची मिळकत होती. उस्ताद आपल्या मुलाला किंवा जांवयाला त्या शिकवीत. परक्या शिष्याला वर्षानुवर्षें सेवा करून चार-दोन मिळाल्या तरी नशीब. गाणारे यासाठीं केवळ स्वार्थी होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. विद्या हीच त्यांची भाकरी होती, आणि राजाश्रय आज आहे तर उद्यां नाहीं अशी स्थिति होती. परंतु वारस न ठेवतां उस्ताद निवर्तला कीं त्याच्याबरोबर चिजाही मातींत जात, हेंही तितकेंच खरें.

मुंबईच्या वाळकेश्वरांत 1860 सालीं जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे हे पेशानें वकील. त्यांनीं हिंदुस्थानभर प्रवास केला, गवयांना भेटले, आर्जवें केलीं, जयपूरच्या महंमद अली खाँ यांच्या घराण्यांतील चिजा मिळविल्या, आणि हें सारें धन 'क्रमिक पुस्तक मालिका' या सहा भागांच्या ग्रंथांत छापून टाकलें. हजाराहून अधिक चिजा, आणि मूळ ग्रंथ आपल्या मराठींत! ज्या चिजेसाठीं पूर्वी शिष्य जन्म घालवी, ती पुस्तकाच्या किंमतींत कोणाच्याही हातीं आली.

माझ्या दृष्टीनें त्यांचें याहूनही मोठें कार्य म्हणजे लेखनपद्धति. कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखालीं टिंब, तार स्वरावर टिंब, समेला फुलीची खूण, खालीला शून्य. साध्या छापखान्यांतील खिळ्यांनीं जुळवितां यावी इतकी ती सोपी. विष्णु दिगंबर पलुसकर यांनींही स्वतःची एक पद्धति सिद्ध केली होती व ती बारकाव्यांत अधिक समृद्ध होती असें जाणकार म्हणतात. पण अधिक पसरली ती भातखंड्यांची. ती वापरण्यासाठीं कोणाचा परवाना लागला नाहीं. भातखंडे 1936 सालीं वारले. त्यांच्या खुणांनीं लिहिलेली चीज अंबाजोगाईंतला विद्यार्थी आज वाचूं शकतो, आणि उद्यां त्याचा नातूही वाचील.

गवयांना मात्र हें सहज रुचलें नाहीं. कागदावरून गाणें येत नाहीं, मींड आणि गमक टिंबांत मावत नाहींत, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. पण गाणें पुसून जाण्यापेक्षां त्याचा सांगाडा तरी राहणें बरें, ही भातखंड्यांची बाजू मला अधिक पटते.

संगणकाच्या जगांतही एकदां असेंच घडलें. 1980 च्या सुमारास विजेवर चालणाऱ्या वाद्यांच्या कंपन्या आपापल्या वाद्यांना आपापल्या भाषा शिकवीत; एकीचें वाद्य दुसरीच्या वाद्याशीं बोलेना. तेव्हां अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी या दोघां प्रतिस्पर्ध्यांनीं पुढाकार घेतला व 1983 सालीं मिडी नांवाची सामाईक भाषा जगापुढें आली. तींत प्रत्येक स्वराला 0 ते 127 यांपैकीं एक अंक असतो. पियानोचा मधला सी म्हणजे 60. तिच्यावर त्यांनीं कर आकारला नाहीं. म्हणूनच 1983 सालचें वाद्य आजच्या संगणकाला जोडलें तरी दोघांना एकमेकांचें बोलणें कळतें. 2013 सालीं दोघांना तांत्रिक ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

याच्या उलट बाजूचीं उदाहरणें पाहा. जर्मनींतील एमॅजिक कंपनीचा लॉजिक हा प्रोग्रॅम विंडोज आणि मॅक या दोन्ही प्रकारच्या संगणकांवर चालत असे. 2002 सालीं अॅपलनें ती कंपनी विकत घेतली आणि विंडोजवरील आवृत्ति बंद केली. ज्यांनीं पैसे मोजून ती घेतली होती त्यांनीं काय करावें? नवा संगणक घ्यावा किंवा नवें साधन शिकावें. केकवॉक ही जुनी कंपनी 2013 सालीं गिब्सन या गिटार बनविणाऱ्या कंपनीकडे गेली, आणि 2017 च्या नोव्हेंबरांत तिचें काम थांबलें; पुढें 2018 मध्यें बँडलॅबनें तिचा प्रोग्रॅम घेतला म्हणून वापरणारे त्या वेळीं वांचले. सर्वांत बोलकें उदाहरण फिनालेचें. स्वरलेखनाचा हा प्रोग्रॅम पस्तीस वर्षें जगभरच्या संगीतकारांनीं वापरला. ऑगस्ट 2024 मध्यें कंपनीनें तो बंद करीत असल्याचें जाहीर केलें. एका वर्षानंतर तो नव्या संगणकावर चालू करून मिळणार नाहीं असेंही प्रथम सांगितलें. ओरड झाल्यावर तें मागें घेतलें. तथापि ज्यांचें आयुष्यभराचें काम त्या प्रोग्रॅमच्या खास फाइलींत होतें, त्यांच्या पोटांत गोळा उठला असेल यांत नवल नाहीं. त्यांना आधार मिळाला तो म्यूझिकएक्सएमएल या उघड्या लेखनप्रकाराचा. मायकेल गुड यांनीं 2004 सालीं त्याची पहिली आवृत्ति दिली. फिनालेंतील काम त्या प्रकारांत काढून घेतलें कीं म्यूझस्कोरसारखा उघडा प्रोग्रॅम तें वाचतो.

यावरून माझ्या मनांत एक गोष्ट पक्की झाली. प्रोग्रॅमची किंमत काय, हा प्रश्न दुसरा. आपलें काम कोणत्या प्रकारच्या फाइलींत राहणार, आणि ती फाइल उघडण्याची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न पहिला. आपल्या अंबाजोगाईंत दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद कापडावर लिहिलेला ग्रंथ. दासोपंत 1615 सालीं गेले. कापड जीर्ण झालें, पण अक्षर वाचतां येतें. कारण अक्षर कोणा एकाच्या मालकीचें नाहीं.

हें ज्ञान मला पुस्तकांतून आलें असतें तर बरें झालें असतें. तें मला आत्याकडून आलें.

माझी आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणे. जातें केव्हांच बंद पडलें होतें. ती स्वयंपाकघरांत भाजी निवडतांना म्हणे. 2011 च्या उन्हाळ्यांत मीं एका परिचिताचा लॅपटॉप आणून दोन दुपारीं तिच्या ओव्या मुद्रित केल्या. लॅपटॉपवर एक नांवाजलेला प्रोग्रॅम होता. कोणीतरी 'टाकून दिलेला'. म्हणजे चोरीचा. मी शिक्षक असून तेव्हां त्याविषयीं एक शब्दही विचारला नाहीं. आत्याला गाऊन लाज वाटे, म्हणून मधून मधून ती हंसे, तेंही त्यांत आलें होतें. सावकाशीनें साफसूफ करूं म्हणून मीं तें काम त्याच प्रोग्रॅमच्या खास फाइलींत ठेवून एका डिस्कवर उतरवून घेतलें. पुढें लॅपटॉप बिघडला. 2016 सालीं आत्या गेली. दहाव्याच्या दिवशीं भावंडांना ऐकवावें म्हणून मीं ती डिस्क काढली, तर फाइली होत्या, पण उघडेनात. प्रोग्रॅमची नवी आवृत्ति किल्ली मागे. जुनी प्रत कोठें मिळेना. आणि विचारावें तरी कोणत्या तोंडानें? मीं ती वस्तु विकत घेतलीच नव्हती. त्यांत त्या कंपनीचा कांहीं दोष नाहीं. आज माझ्यापाशीं आत्याच्या आवाजाचा दीड मिनिटाचा तुकडा आहे. तो बहिणीला मोबाईलवर पाठविला होता म्हणून राहिला.

याच बीड जिल्ह्यांत, माजलगांवच्या भीमनगर वस्तींत, 1996 सालीं तेथील स्त्रियांच्या ओव्या मुद्रित झाल्या. पुण्याचे गी प्वातवँ आणि हेमा राइरकर यांनीं गांवोगांव सहकारी जमवून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून काढल्या. त्यांच्याबरोबर बर्नार्ड बेल या फ्रेंच अभियंत्यानें 120 तासांच्या आसपास ध्वनिमुद्रण केलें आणि शब्दांची संगणकावर सूचि बांधली. 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानें त्या ओव्या इंटरनेटवर प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. माजलगांवच्या त्या बायांचा आवाज आज कोणीही, एक पैसा न देतां, ऐकूं शकतो. माझ्या आत्याचा ऐकूं शकत नाहीं. या बेल साहेबांनींच जेम्स किपेन या विद्वानाबरोबर 1980 च्या दशकांत तबल्याच्या कायद्यांचे नियम संगणकाला शिकविणारा 'बोल प्रोसेसर' रचला होता, आणि त्याचेंही मूळ लेखन आज सर्वांना उघडें आहे.

येवढें ऐकून कोणाला वाटेल, कुलूपबंद साधनें टाकाऊच आहेत. तसें मुळींच नाहीं. त्यांतील वाद्यांचे ध्वनि पुष्कळदां उत्तम असतात, अडल्यास विचारण्यास जागा असते, आणि मुंबईच्या मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांत काम मिळवावयाचें तर तेथें जें साधन चालतें तें यावेंच लागतें. उघड्या साधनांत मदत विखुरलेली, कित्येकदां इंग्रजींतच. माईक जोडला आणि आवाजच येईना, असे दोन दिवस मीही काढले आहेत. शिवाय म्यूझस्कोरची मूळ रचना पांच रेघांच्या पाश्चात्त्य लेखनासाठीं आहे. फरक इतकाच, कीं उघड्या साधनांत कमी असेल तें घालण्याची वाट आपल्या मुलांना मोकळी आहे. भातखंड्यांच्या खुणा त्यांत नीट बसविण्याचें काम उद्यां याच शाळेंतल्या एखाद्या विद्यार्थिनीनें केलें, तर तिला अडविणारा कोणी नाहीं.

चोरट्या प्रतीविषयीं एकच सांगतों. ती फुकट नसते. कुलूप तोडणारानें आंत आणखी काय ठेवून दिलें आहे हें आपणांस दिसत नाहीं. वडिलांचा बँकेचा व्यवहार त्याच लॅपटॉपवर चालत असेल तर याचा विचार आधीं करावा. दुसरें, ती कोणाच्या तरी श्रमाची चोरी असते. ज्याला गाणारा होऊन आपल्या गाण्याचे पैसे मिळावे असें वाटतें, त्यानें दुसऱ्याच्या श्रमाचे बुडवूं नयेत.

उघड्या साधनालाही धनी बदलण्याचा प्रसंग येतो. ऑडॅसिटी हा प्रोग्रॅम 1999 सालीं अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठांत डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनीं आरंभिला. 2021 सालीं तो म्यूझ ग्रुप या कंपनीकडे गेला, आणि वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्याविषयींच्या तिच्या नियमांवरून मोठा वाद माजला. पण येथें लोक हातावर हात ठेवून बसले नाहींत. मूळ लेखन त्यांच्याजवळ होतेंच. कांहींनीं त्यावरून निराळी आवृत्ति काढली, आणि कंपनीलाही आपले नियम अधिक स्पष्ट करावे लागले. किल्ली एकाच हातांत नसली म्हणजे असें होतें.

आतां त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतों. मीं त्यांना सांगितलें, लॅपटॉप जुना चालेल. पैसे उरले तर बरा माईक घ्या. आवाज मुद्रित करण्यास ऑडॅसिटी पुरे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमांत ती शिकविणारे पाठ मोफत आहेत. ताल बांधण्यास हायड्रोजन, अनेक वाद्यांचें काम करण्यास एलएमएमएस. पुढें मुलाची प्रगति दिसली आणि एखाद्या विकाऊ साधनाची खरोखर गरज पडली, तर तें रीतसर विकत घ्यावें. त्यांत कांहीं गैर नाहीं. मात्र साधन कोणतेंही असो, काम संपलें कीं त्याच दिवशीं दोन प्रती काढाव्या: आवाजाची वेव्ह किंवा फ्लॅक प्रकारांत, आणि स्वरांची मिडी प्रकारांत. वेव्ह फाइल मोठी होते, मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट. जागा कमी असेल तर फ्लॅकमध्यें ती बरीच लहान होते व आवाजाचा कणही जात नाहीं. एक प्रत घरीं, एक नातेवाइकाकडे.

मुलगा शेजारींच उभा होता. त्यानें विचारलें, "सर, पहिलं काय रेकॉर्ड करू?" मीं म्हटलें, घरांत सर्वांत म्हातारें कोण आहे?

नाताळच्या सुट्टीपूर्वी तो एक पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्याच्या आजीच्या आवाजांतील तीन भूपाळ्या, वेव्ह प्रकारांत. मागें शिलाईयंत्राचा खडखडाट ऐकूं येतो. तो काढून टाकूं का, असें त्यानें विचारलें. मीं राहूं दे म्हटलें.